दुलीचंदचा विळा

रजत, तो मोबाईल ठेव आन् गुपचूप आयक. पुनाराम माह्या सोयऱ्यातला, म्हणून सांगून राह्यलो.

गेल्या पोळ्याची अमावस. बैलं पुजून, जेवून पुनाराम मोटरसायकलनं परसवाड्याकडं निघाला. त्याची पोट्टी दीपिका सांजपासून पोट धरून लोळत होती. दुलीचंदले आणाचं होतं. दुलीचंद म्हणजे डाग देणारा. पोट दुखलं का विळा तपवून चटका देई.

अरे, त्याच विळ्यानं उन्हाळ्यात पुनारामची बायको अंजना गेलती! तिचा कॅन्सर पोटाच्या अस्तरात पसरला होता. नागपूरचा डाक्टर म्हणे, पोट उघडून गाठी काढू, मंग आतून गरम औषधानं धुवू. वाचंलच असं नाही, पण आशा हाये. तारीखही भेटली होती. पुनारामची अक्कल पाहा! "गरमच द्याचं तं गावातच देऊ." त्यानं तिची मनगटं दाबून धरली. हिरव्या बांगड्या फुटल्या. "सोडा नं जी... मले नागपूरले न्या..." ती वरडत राह्यली. डाग चिघळला, तारखेच्या आधीच मेली. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो हाच. तरी याले वाटे, बाई कॅन्सरनंच गेली. मले अजून चीड येते.

तं दुलीचंदले मांगं बसवून तो फिरला. विळा थैलीत. नहराजवळ गाडी जड झाली.

"काका, जरा सरकून बसा."



जळल्या कातडीचा वास आला...

मांगून बाईचा आवाज. "सोडा नं जी..."

पुनारामनं वळून पाह्यलं. थैली पेटलेली. विळा लाल. धरणारं कोणी नाही. आन् तो दुलीचंदच्या पोटात... उपसला... पुन्हा... पुन्हा. रगत पुनारामच्या मानेवर उडलं. गरम.

तो ब्रेक दाबाले गेला. मनगटं कोणी तरी दाबून धरली. बोट हलेना.

"पोरीले... नागपूरले न्या."

गाडी नहरात...

पोलिसांनी लेहलं, गाडी घसरली, विळा घुसला. हौ! थंडा विळा आतडी जाळते का?

पुनाराम तसाच ओल्या कपड्यानं घरी पळाला. त्याच राती दीपिकाले नागपूरले नेलं. अपेंडिक्स होतं, पोट्टी वाचली.

तिथंच डाक्टरनं पुनारामचं सुजलेलं मनगट पाह्यलं. वरची कातडी साबूत, ओरखडाही नाही. चिरलं तं आत...

हिरव्या बांगडीचा तुकडा.