पूजाची गुलाबी बरणी

पूजा हिंगोलीत जीपमधून उतरली ती कपड्यांची पिशवी घेऊनच. खासगी तपास करणाऱ्या नीलाबाईंच्या दारात ती रडू लागली.

“सासूबाई दवाखान्यात आहेत. मी केलेली गुलाबाची दारू घोटभर प्याल्या. डॉक्टर म्हणतात, झाडाचं विष. सासरच्यांनी मला घराबाहेर काढलं!”

“जीव वाचला ना? मग आधी रडणं थांबव,” नीलाबाई वैतागल्या.

पूजाच्या सासरी, सेनगावजवळच्या तांड्यावर पोचेपर्यंत त्यांचा मदतनीस प्रेमदास तीनदा म्हणाला, “पूजानंच दिलं असंल.” चौथ्यांदा नीलाबाईंनी नुसतं पाहिलं.

अंगणात गुलाबी कण्हेर फुलली होती. घरात देवापुढच्या ताटलीत मात्र नुसते देठ होते.

बरणीत मोहाची दारू, साखर आणि महिनाभर मुरलेल्या पाकळ्या. बहुतेक पाकळ्या पांढुरक्या, काही गडद गुलाबी. नीलाबाईंनी चमचाभर दारूला काडी लावली. दारू पेटेना.

“काडी ओली असंल,” प्रेमदास म्हणाला.

“त्याच काडीनं तू आत्ता बिडी पेटवलीस!”

पूजाची थोरली जाऊ रूपाबाई फणकारली, “मी बरणीला शिवले न्हाई. देवाचंबी मामंजीच करतात, आमाला हात लावू देत न्हाईत.”

सासरे शंकरसिंग म्हणाले, “मी तर कवाच सोडली. त्यात औंदाची लय गोड.”

नीलाबाईंनी कपाळावर हात मारला. “सोडली, तर गोड कशी कळली?”

नीलाबाईंनी बरणी त्यांच्यापुढे धरली.

“महिनाभर मुरलेल्या पाकळीचा रंग उतरतो. गडद पाकळ्या कालपरवाच्या, अन् त्या कण्हेरीच्या. दारू पेटत नाही, म्हणजे पाणी घातलंय. तुम्ही चोरून पीत होता, पाणी भरत होता. रंग फिका पडला, तेव्हा देवापुढच्या फुलांच्या पाकळ्या खुडून बरणीत टाकल्यात. ताटलीत देठ राहिले.”

“कण्हेर विषारी असती, मला काय ठाव!”

“पण सुनेला हाकललं तेव्हा काहून बोलला न्हाईत?” प्रेमदासच ओरडला.

“मी पितो म्हणून बायकोला कळलं असतं…”

“बायको मरणाच्या दारात, अन् तुम्हाला बोलणी खायची भीती?” नीलाबाईंचा आवाज चढला.

पूजानं डोळे पुसले. “मामंजी, जीप उभी हाय. चला. आत्ताच्या आत्ता सासूबाईंसमोर सांगा.”

शंकरसिंग पागोटं शोधत घरभर फिरू लागले. रूपाबाईनं ते खुंटीवरून काढून त्यांच्या हातात ठेवलं.