दोन पावसांचं बेट

फेब्रुवारीतल्या एका कोरड्या दुपारी अरुंधती आठवीच्या बावीस मुलींना घेऊन वेधशाळा दाखवायला आली. साल १९६०. इंदूरच्या एका कन्याशाळेत ती भूगोल शिकवायची. वय सत्तावीस, आणि दोन चांगल्या स्थळांना नाही म्हणून झालेलं. मुलींना माहिती द्यायला मोठे साहेब असणार होते, पण ते तापानं घरी पडले होते. म्हणून निरीक्षक शरदचंद्र पुढे झाला. उंच, जरासा वाकून चालणारा. शर्टाच्या खिशाला शाईचा डाग.

त्यानं पर्जन्यमापक दाखवला, वाऱ्याची दिशा सांगणारा बाण दाखवला. मग मुली आवारातल्या चिंचेखाली पांगल्या, तेव्हा अरुंधती म्हणाली,

"एक विचारायचं होतं. मे महिन्यात सिलोनला जायचं असेल तर?"

"मे महिन्यात? पूरा भीग जाओगे… म्हणजे, भिजून जाल. सिलोनमध्ये कुठे?"

"त्रिंकोमालीला."

"अरे, मग गोष्टच वेगळी!" तो उकिडवा बसला आणि काडीनं मातीत आंब्याच्या कोयीसारखं एक बेट काढलं. "हे मधे डोंगर. मेच्या अखेरीला पाऊस नैऋत्येकडून येतो, कोलंबोला झोडपतो आणि डोंगराला अडतो. पूर्वेला त्रिंकोमाली, एकदम सूखा. त्यांचा पाऊस ऑक्टोबरनंतर, ईशान्येकडून. मतलब, एका बेटाचे दोन पावसाळे."

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"एवढं मी सातवीला शिकवते," ती म्हणाली. "मला महिन्यांचे आकडे हवे आहेत."

त्याचे कान लाल झाले. हातातली काडी कुठे टाकावी, तेही त्याला सुचेना. अरुंधतीला हसू आलं, पण तिनं ते मुलींकडे वळवलं.

आकडे घेऊन तो रविवारी रामबागेतल्या तिच्या घरी आला. तिथे त्याला सिलोनचं कारण कळलं. तिचे वडील दौलतराव फौजेतले निवृत्त सुभेदार. लढाईच्या काळात ते आठ महिने त्रिंकोमालीला होते. तो समुद्र त्यांना अजून स्वप्नात दिसायचा. आता त्यांना काचबिंदू झाला होता. नजर कडेकडून मिटत आली होती, नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसे. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत सांगितली होती. शाळेला मोठी सुट्टी मेमध्ये, आणि जो तो म्हणत होता, मेमध्ये सिलोनला कोण जातं!

"दिवाळीच्या सुट्टीत नेते म्हणत होती," दौलतराव म्हणाले.

"दिवाळीत नको, सुभेदारसाहेब. तेव्हा तिथला पाऊस सुरू होतो. मे-च बरा." शरदचंद्रानं कागद पसरला. "दोन तारखेला निघा. खांडव्याहून मद्रास, मग धनुष्कोडी, तिथून बोट. मात्र वीस तारखेच्या आत बोटीनं परत या. त्यानंतर खाडी खवळते."

"आणि वादळ आलं तर?" अरुंधतीनं विचारलं.

"हे तीस वर्षांचे आकडे आहेत, बाई. आकडे वचन देत नाहीत."

"आणि तुम्ही?"

तो गप्प झाला. दौलतराव समोरच्या कागदाकडे पाहत होते. टेबलाच्या दोन टोकांना बसलेली ही दोघं त्यांना दिसतच नव्हती… आणि हे दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं.

मग रविवार ठरूनच गेले. पासपोर्टचे अर्ज झाले, बोटीच्या वेळा लिहून झाल्या. काम संपलं तरी शरदचंद्र येतच राहिला. कधी त्रिंकोमालीचा उन्हाचा पारा सांगायला, कधी नुसताच. अरुंधती चहा पुढे करायची. कप घेताना बोटांना बोटं लागली, तर दोघंही चहाकडे पाहायची.

निघायच्या दोन दिवस आधी ती त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. कडुलिंबाचा मोहोर वाऱ्यानं गळत होता, त्याच्या खांद्यावर पडत होता.

"तुम्ही दोन स्थळं नाकारलीत, असं सुभेदारसाहेब म्हणत होते," तो म्हणाला.

"बाबांना एकटं टाकून मी कुठे जाणार नाही. पुढे तर त्यांना दिसणारही नाही. कोणाला हे चालतं?"

"जायला कोण सांगतंय?" त्यानं खांद्यावरचा मोहोर झटकला नाही. "माझी भाड्याची एक खोली आहे. ट्रंक आणि सायकल. उज्जैनला आई थोरल्या भावाकडे असते. मी… मी इथे येऊन राहिलो तर?"

"लोक घरजावई म्हणतील."

"म्हणू देत ना. मला तर वेधशाळेतसुद्धा लोक ढगबाबू म्हणतात."

ती हसली नाही. तिच्या हाताखाली फाटकाची कडी उगीच वाजली.

"उत्तर आत्ता नको," तो घाईनं म्हणाला. "समुद्र बघून या. मग सांगा."

"तिथूनच कळवीन," ती म्हणाली.

त्रिंकोमालीला आकाश निळंभोर होतं. कोलंबोच्या बाजूला ढग दाटू लागल्याची बातमी होती. इकडे वाळू पायाला चटके देत होती. पहिल्या संध्याकाळी दौलतराव धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मान हळूहळू फिरवत त्यांनी डावीकडून उजवीकडे सगळा समुद्र पाहून घेतला, एका वेळी थोडा थोडा. खूप वेळानं म्हणाले,

"तेवढाच आहे, पोरी. जरासुद्धा कमी झाला नाही."

अरुंधतीनं तोंड फिरवलं आणि पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी तिनं कार्ड लिहायला घेतलं. तीन ओळी लिहून खोडल्या. दुसऱ्या कार्डावर दोनच शब्द लिहिले आणि कोणी पाहायच्या आत ते टपालपेटीत टाकलं. जवळच वाळूत बसलेले दौलतराव म्हणाले,

"काचबिंदूवाल्याला कडेचं दिसत नाही, खरं आहे. ऐकू मात्र येतं. त्या रविवारी तुम्ही दोघं किती वेळ गप्प होता, मी सगळं ऐकलं."

"बाबा!"

"मुलगा चांगला आहे. बोलतो फार, पण चांगला आहे."

एकोणीस तारखेला त्यांनी बोट पकडली. बावीसला दुपारी खांडव्याची गाडी इंदूरच्या फलाटाला लागली. शरदचंद्र समोरच उभा होता. त्यानं दौलतरावांना हात देऊन उतरवलं, ट्रंक उतरवली आणि विचारलं,

"पाऊस लागला का कुठे?"

"नाही," अरुंधती म्हणाली.

"गर्मी?"

"होती."

"बोट वेळेवर होती?"

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. एवढं कळल्यावरही हा माणूस बोटीच्या वेळा विचारतो आहे! की मधल्या दिवसांत त्याचं मन फिरलं?

"तुम्हाला… दुसरं काही बोलायचं नाही?"

"मी काय बोलणार? बोलायचं तर तुम्हाला होतं." त्याचा आवाज एकदम उतरला. "रोज पोस्टमनची वाट पाहिली. काल मी मनाची समजूत घातली, की नाही असेल उत्तर. तरी म्हटलं, सुभेदारसाहेबांना उतरवायला कोणी हवं…"

"कार्ड नाही मिळालं?"

"कुठलं कार्ड?"

कार्ड मागेच होतं. कुठल्यातरी टपालाच्या थैलीत, खाडीच्या अलीकडे किंवा पलीकडे. अरुंधतीला गालांवर ऊन चढल्यासारखं झालं. हमाल ओरडत होते, इंजिन वाफ सोडत होतं, आणि जे लिहायला तिला दोन कार्डं लागली, ते आता तोंडानं सांगायचं होतं.

"काय लिहिलं होतं?" त्यानं हळूच विचारलं.

दौलतरावांनी दोघांकडे पाठ केली. "मी इंजिन बघतो आहे," ते म्हणाले. "तुमचं चालू द्या."

अरुंधतीनं पदर सावरला. ट्रंकेची एक कडी धरली, दुसरी त्याच्या बाजूला केली.

"उचला," ती म्हणाली. "चला… आपल्या घरी."