न मोडलेली घडी

"अहो, अहो, अहो…! तिथे नको!"

पण मी ओरडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. दारातून आत आलेल्या माणसाच्या हातातला गठ्ठा सुटला आणि ओलेकिच्च टॉवेल माझ्या टेबलावर कोसळले — नेमके नुकत्याच इस्त्री केलेल्या पांढऱ्या शर्टांवर. शर्ट एका वकिलाचे होते. कॉलरला एक सुरकुती दिसली तरी तो माणूस उलटतपासणी घेतो.

"सॉरी… गाठ सैल होती," तो म्हणाला, आणि टॉवेल उचलायच्या नादात त्याने कोपराने स्टार्चची बाटली पाडली.

"आता हलू नका," मी म्हणाले. "श्वाससुद्धा घेऊ नका."

तर हा पठ्ठ्या खरंच दोन्ही हात वर करून, श्वास रोखून उभा! गाल फुगलेले, डोळे माझ्यावर, चेहरा हळूहळू लाल… शेवटी मलाच हसू फुटलं.

"घ्या हो, घ्या श्वास. गंमत केली."

"बरं झालं सांगितलंत," तो धापा टाकत म्हणाला. "मी तुम्हाला भलताच घाबरलो होतो."

आमची ओळख झाली ती अशी.

कोपऱ्यावरच्या इमारतीत त्याच्या ताईने हॉट योगाचा वर्ग सुरू केला होता आणि तिथले टॉवेल धुवायचं काम आमच्या लाँड्रीला मिळालं होतं. आमच्या म्हणजे माझ्या आणि आत्याच्या. तो स्वतः रंगाच्या दुकानात रंग मिसळून द्यायचा. नखांच्या कडेला कधी निळा, कधी पिवळा राहिलेला असायचा. ताईच्या हुकमावरून दर शनिवारी सकाळी टॉवेल आणून टाकायचे आणि संध्याकाळी न्यायचे, एवढंच त्याचं काम. पण ते एवढंसं काम करायला त्याला दर खेपेला जास्तच वेळ लागू लागला. आणि खोटं कशाला बोलू, मीही घाई करत नव्हते.

"हॉट योगा म्हणजे नक्की काय हो?" एकदा मी टॉवेल निवडता निवडता विचारलं.

"खोली गरम करतात. मग त्यात आसनं करतात."

"हात्तिच्या! आमची खोली तर फुकटात गरम असते. आसन मात्र एकच. उभं राहून इस्त्री."

"म्हणजे निम्मा कोर्स झालाच की तुमचा," तो म्हणाला. "या ना एकदा. इस्त्रीने पाठ भरून येते म्हणता… छान मोकळी होईल."

"आणि उकाडा?"

"सुरुवातीला जरा गरगरतं. मग सवय होते. मला तर आता काहीच वाटत नाही." हे तो इतक्या सहज म्हणाला, की मी त्याच्याकडे जरा आदरानेच पाहिलं.

माझ्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती. मागच्या उन्हाळ्यात मी इस्त्रीपुढे उभी असताना चक्कर येऊन पडले होते. धाडकन, गिऱ्हाइकांसमोर. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. पाणी कमी पिते म्हणाले. पण तेव्हापासून आत्या मला वाफेच्या इस्त्रीजवळ एकटी सोडेना, गिऱ्हाइकं अजून "आता बरं आहे ना?" विचारायची, आणि मी… मला अंगाला जरा ऊब लागली की छातीत धडधडायचं. गरम हवेलाच घाबरणारी लाँड्रीवाली! हे म्हणजे पाण्याला घाबरणाऱ्या नावाड्यासारखं झालं. ती भीती मला घालवायची होती. पण घालवायला गेले आणि पुन्हा लोकांसमोर आडवी झाले तर? मग मी पुन्हा कधी धीर केला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आत्याला विचारलं, तर ती हातातला शर्ट झटकत म्हणाली, "ठमे, डोकं ठिकाणावर आहे का? दिवसभर इथे उकडतेस ते पुरत नाही, म्हणून तिथे पैसे देऊन उकडून घेणार?"

"पाठीला बरं असतं म्हणतात."

"कोण म्हणतं? ते टॉवेलवाले?" आत्याने चष्म्यावरून पाहिलं. मी उगाचच कॉलरचं बटण लावत बसले.

एका शनिवारी मी त्याला चक्कर प्रकरण सगळं सांगून टाकलं. हसला नाही. "आता बरं आहे ना?" असंही म्हणाला नाही. काउंटरवर हात टेकून नीट ऐकलं फक्त. मग हळूच म्हणाला, "नवशिक्यांचा वर्ग रविवारी सकाळी असतो. मी असेन ना शेजारी. जरा काही वाटलं तर नुसतं माझ्याकडे बघा… मी घेऊन येईन बाहेर."

झालं. त्या "मी असेन ना"वर मी विरघळले. डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, खुशाल जा, पाणी पीत राहा आणि जिद्दीला पेटू नकोस. पुढच्या रविवारचं नाव नोंदवून टाकलं.

आणि आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, टॉवेल निवडताना त्याचा टॉवेल माझ्या हातात आला.

वर्गात प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. अदलाबदल होऊ नये म्हणून मी प्रत्येकाच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका घालते. त्याचा हिरवा. आता, टॉवेलाची घडी घालायची माझी एक पद्धत आहे. आधी उभी तिहेरी, मग आडवी दुहेरी, आणि कोपरा आत खोचायचा. असा कोपरा दुसरं कुणी खोचत नाही. आत्यासुद्धा नाही. तर त्या ओल्या, घामेजलेल्या गठ्ठ्यात हिरव्या टाक्याचा टॉवेल होता कोरडा ठणठणीत, आणि त्यावर माझीच घडी. कोपरा खोचलेला. घडी मोडलेलीच नव्हती.

मी तो नाकाशी नेला. आमच्याच साबणाचा वास!

मग आठवत गेलं. ह्याआधीही तो टॉवेल हलका लागायचा. मी मूर्खासारखी समजत होते, की मुरलेल्या माणसाला घाम येत नसेल!

संध्याकाळी तो आला. केसही विंचरून आला होता.

"एक विचारू?" मी टॉवेल त्याच्यापुढे ठेवला. "तुम्ही त्या खोलीत शेवटचे कधी गेलात?"

त्याने टॉवेलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा टॉवेलाकडे.

"शेवटचं म्हणजे… तसं पाहिलं तर…"

"खरं सांगा."

"पहिल्यांदाही नाही," तो म्हणाला. "दारापर्यंत गेलो होतो. ताईने दार उघडलं, ती गरम हवा तोंडावर आली, आणि माझे पाय जे मागे फिरले… ताई आत शिकवत असते. मी टॉवेल तसाच मांडीवर ठेवून बाहेर बसतो. तिला वाटतं, मी मागच्या रांगेत आहे. तिचा चष्मा वाफेने धुरकटलेला असतो."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी पोट धरून हसले असते.

"मग मला का सांगितलंत, की काही वाटत नाही, सवय होते?"

"तुम्ही विचारत होतात." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "मी उत्तरं देत राहिलो तर तुम्ही विचारत राहाल… असं वाटलं."

हे ऐकून आतून काहीतरी हललं माझ्या. पण राग त्याहून मोठा होता. "मी चक्कर येऊन पडलेली बाई आहे हो! तुमच्या भरवशावर मी उद्या आत जाणार होते. गरगरलं असतं तर कुणाकडे बघायचं होतं मी? रिकाम्या जागेकडे?"

त्याचे कान लाल झाले. "हे माझ्या लक्षातच आलं नाही," तो म्हणाला. "यायला हवं होतं. चुकलं माझं." त्याने तो टॉवेल गठ्ठ्यात घातला, गठ्ठा उचलला, गाठ दोनदा तपासली आणि गेला.

मला रडू आलं. इस्त्री केलेल्या कपड्यांवर रडणं म्हणजे कामात काम वाढवणं, हे कळत असूनही आलं.

रविवारी सकाळी मी कपडे करून नुसतीच बसून राहिले. आत्याने पाण्याची बाटली आणून पुढ्यात ठेवली.

"ठमे, मला एकच सांग. तुला तिथे जायचं होतं, की त्याच्याबरोबर जायचं होतं?"

मी बाटलीचं झाकण फिरवलं. "मला जायचं होतं," मी म्हणाले. "तो असता तर बरं वाटलं असतं. पण जायचं मलाच होतं."

"मग ऊठ. आणि पाणी पी. तो मेला कोण लागून गेला!"

तो मेला वर्गाच्या दाराशीच उभा होता. अनवाणी, हातात हिरव्या टाक्याचा टॉवेल, चेहऱ्यावर फाशीला निघाल्याचे भाव. शेजारी त्याची ताई.

"ह्याने सगळं सांगितलंय मला," ती मला म्हणाली. "तुम्ही मागच्या रांगेत, दाराजवळ थांबा. गरगरलं की खाली बसायचं, नाही थांबलं तर सरळ बाहेर. इथे परीक्षा नाही कुणाची. मी दर थोड्या वेळाने तुमच्याकडे बघेन. चष्मा पुसून बघेन."

तो माझ्या शेजारच्या चटईवर येऊन उभा राहिला, इतकंच.

आणि ती हवा! ओला टॉवेल ड्रायरमधून काढताना अंगावर येते तशी, पण सगळीकडून. छातीत धडधडायला लागलं. हात वर… श्वास आत… समोरच्या आरशात लालबुंद झालेली मी. तिसऱ्या की चौथ्या आसनाला कडेने अंधारून आल्यासारखं झालं, आणि मी खाली बसले. बस्स, बसले. कुणी वळून पाहिलं नाही. कुणी "बरं आहे ना?" म्हणालं नाही. दोन घोट पाणी प्यायले, श्वास जागेवर आला, आणि… मी उठले की! माझी मी उठले. त्या क्षणी मला इतका आनंद झाला, की सांगायला कुणाकडे तरी बघावं म्हणून शेजारी पाहिलं.

शेजारी चटई होती. तिच्यावर तो नव्हता. पांढराफटक पडलेला तो एका हाताने हवा चाचपत दाराकडे निघाला होता.

मी मागचापुढचा विचार न करता त्याच्यामागे बाहेर धावले.

"अरे, बस! बस खाली! डोकं गुडघ्यात घाल. ऐकतोस का? हळू श्वास घे. वेडा आहेस का तू? जमत नव्हतं तर कशाला ताणलंस एवढं?"

त्याने डोकं गुडघ्यात घातलं. मी बाटली त्याच्या हातात दिली, मानेवर ओला टॉवेल ठेवला. हळूहळू रंग परतला.

"म्हटलं होतं ना, शेजारी असेन," तो गुडघ्यांमध्येच पुटपुटला. "निदान तेवढं तरी खरं करावं म्हटलं."

मी त्याच्या मानेवरचा टॉवेल उलटून ठेवला.

"आणि…" त्याने मान वर केली. घामेजलेल्या चेहऱ्यावर हसू उमटत होतं. "आत्ता तू मला अरे-तुरे केलंस."

"मी? छे!" मी जीभ चावली. "घाईत निघून गेलं तोंडून… तुम्हाला राग आला असेल तर—"

"परत घेऊ नकोस ना," तो म्हणाला. "मला तू आवडतेस. टॉवेल एका फेरीत नेता येतात. मी मुद्दाम दोन फेऱ्या करायचो. आता हे खरं आहे. अगदी घाम गाळून सांगतोय."

मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. घाम होता की काय, कोण जाणे.

"मी आत जातेय," मी उठत म्हणाले. "माझं अर्धं राहिलंय."

"आणि मी?"

"तू बाहेरच बस. आणि कुणी काही विचारलं तर थापा मारू नकोस."

शेवटी ताईने सगळ्यांना उताणं झोपवलं. हात सैल, पाय सैल, डोळे मिटलेले. खोलीत फक्त श्वास ऐकू येत होते. आणि तेवढ्यात बाहेरून ओळखीचा खणखणीत आवाज आला. आत्या! राहवलं नसणार तिला.

"काय हो टॉवेलवाले? तुम्ही तर पटाईत ना? मग इथे बाहेर काय करताय?"

मी एक डोळा उघडला.

"नाही हो आत्या," त्याचा आवाज दारापलीकडून अगदी स्पष्ट आला. "मला जमत नाही. तुमच्या भाचीला जमतं. मी तिची वाट बघत बसलोय."

सगळ्या खोलीने ऐकलं. कुणीतरी फिसकन हसलं.

"लक्ष देऊ नका," ताई म्हणाली. तिच्याही आवाजात हसू होतं. "डोळे मिटलेलेच राहू द्या… चेहरा सैल सोडा…"

बाकी सगळं सैल सुटलं. चेहरा मात्र काही केल्या सुटेना.