कर्ण्याची गणती

कोंडाण्याच्या लेण्यांखालच्या रानात रुचिता कर्ण्यांची गणती करत होती. कर्णा म्हणजे दाट झाडीत राहणारा, लाल छातीचा लाजरा पक्षी. गेली दोन वर्षं इथे एकही आढळला नव्हता. यंदाही आढळला नाही, तर या रानातून तो संपला असं तिला अहवालात लिहावं लागणार होतं.

पद्धत सोपी होती. स्पीकरवर कर्ण्याची हाक तीनदा वाजवायची आणि थांबायचं. उत्तर आलं की नोंद करून पुढच्या ठिकाणी निघायचं.

"आनी तो हितं आला तर?" सोबतीला आलेल्या गौराबाईनं विचारलं. ती गावातलीच, परत जाताना लाकडं नेणार होती.

"तोवर आपण गेलेलो असतो."

"ह्ये बरं हाय तुमचं! त्याला वाटंल, कुनी आपलं मानूस आलं. बसंल बिचारा हुडकत."

रुचिता हसली. शेलूच्या फ्लॅटवर तिची वाट बघणारं आता कोणी नव्हतं. मागच्या दिवाळीआधी आई गेली. तेव्हापासून तिला 'रुचे' म्हणणारंही कोणी उरलं नव्हतं.

ऊन कलताना ओढ्यापलीकडून उत्तर आलं. मऊ, खालच्या सुरातलं. तिला हुंदकाच आला. मोबाइलवर नोंद करून तिनं स्पीकर बंद केला. गौराबाई मोळी बांधायला पुढे गेली.

निघता निघता रुचितानं मागे पाहिलं. स्पीकर ठेवला होता तिथल्याच फांदीवर नर येऊन बसला होता. हाक देत होता, थांबत होता, मान वळवून पाहत होता.

"रुचे."

पक्षी गप्प झाला.

हाक ओढ्यापलीकडून आली होती. कोतवाल पक्षी आवाजांच्या नकला करतो, हे तिला ठाऊक होतं. पण हे नाव त्यानं ऐकलं कुठे?

"रुचे."

शेवटी जरासा घोगरा होणारा, आईचाच आवाज.

"रुचे."

तीन हाका. मग शांतता, तिच्या पद्धतीत असते तेवढीच.

"ओ, आई!"

पलीकडे वाळल्या पानांवर पावलं वाजली. तिच्याकडे येणारी नव्हेत. सावकाश, पुढच्या ठिकाणी निघालेली.

"ताई, कुनाला ओ देताय?" गौराबाईनं वाटेवरून विचारलं. "चला ना, अंधार पडंल."

रुचिता हलली नाही. ओ देत होती, थांबत होती, मान वळवून पाहत होती.