फुगवटा तांबड्या अंगाला

अंधार पडायच्या आत मनोऱ्यावरचा दिवा लागायला हवा होता. मोहिमेचा हेतू एवढाच, आणि त्यात सवलत नव्हती.

बंदरासमोर, समुद्रात बरंच आत, काळ्या खडकांची एक रांग होती. तिला सगळे 'दात' म्हणत. दातांच्या मधोमध एक अरुंद फट, आणि फटीच्या पलीकडच्या तोंडाशी एका उंच खडकावर दिव्याचा मनोरा. तो दिवा बघत बघत बंदरातल्या होड्या फटीतून घरी येत. आदल्या रात्री तो विझला. सकाळी दातांवर धुक्याची भिंत उभी राहिली. आणि सगळ्या होड्या खोल समुद्रात मासेमारीला गेलेल्या. त्या आज सांजेला परतणार होत्या. तिथवर फोन लागत नाही. दिवा विझल्याची त्यांना खबरच नव्हती.

सगळ्यांत पुढची होडी टिटवीच्या बाबांची असणार होती. नेहमीच असायची.

टिटवी हे नाव तिला आत्यानं ठेवलं होतं, कारण तिचं तोंड कधी बंद नसे. बंदरात उरलेली एकच धड होडी आत्याची. तिला शीड होतं, वल्ही होती, इंजिन मात्र नव्हतं. आत्या होडीची तांडेल. होडीवर तिचा शब्द शेवटचा, आणि घरीही बहुतेक वेळा तोच. दिवा दुरुस्त करायला शहरातून मिस्त्री आला होता. गोल पोटाचा, टकलाचा, आयुष्यात कधी होडीत न बसलेला. नव्या दिव्याची पेटी त्यानं तान्ह्या बाळासारखी पोटाशी धरली होती.

“तिसरं माणूस लागेल,” आत्या म्हणाली. “नाळेवर बसून पुढचं पाणी बघायला. डोळे तीक्ष्ण हवेत आणि वजन कमी.”

“वजनात मी बसत नाही,” मिस्त्री म्हणाला.

“मी बसते,” टिटवी म्हणाली आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत होडीच्या पुढच्या टोकावर, म्हणजे नाळेवर, जाऊन बसलीसुद्धा.

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. “ये. पण एक ध्यानात ठेव. माझ्या होडीवर 'ते', 'हे', 'तिकडचं' अशी वस्तू नाही. प्रत्येकाला नाव आहे. नाव घेऊन बोलायचं.”

“आणि उजवं-डावं?”

“तेही नाही. मिस्त्री वल्ही मारणार. वल्ही मारणारा नाळेकडे पाठ करून बसतो. तुझं उजवं ते त्याचं डावं. मग कुणाचं खरं धरायचं? म्हणून होडीचं अंग बघायचं. हे अंग तांबडं रंगवलंय, ते हिरवं. बंदरातल्या सगळ्याच होड्यांचं तसं. आपण कुठंही तोंड केलं तरी रंग जागा सोडत नाहीत.”

टिटवीनं मान डोलावली. ऐकलं खरं, पण कानावरून गेलं.

“आज पाणी कमी चढेल,” आत्या दोर सोडता सोडता म्हणाली. “भांग आहे.”

मिस्त्रीचा हात आपसूक टकलावर गेला. “माझा कुठला भांग काढता, ताई?”

“पाण्याचा. अर्ध्या चंद्राच्या दिवसांत भरती दुबळी असते, तिला आम्ही भांग म्हणतो. पुनवेला आणि अवसेला येतं ते उधाण. उधाणाला दात बुडतात, होडी वरून जाते. आज ते बुडणार नाहीत.”

“आणि हा लोखंडी आकडा?”

“नांगर.”

“नांगर शेतात असतो!”

“तिथं तो जमीन फोडतो, इथं जमीन धरतो. पाय काढा त्याच्यावरून.”

परबाण, म्हणजे शिडाची आडवी काठी, डोलकाठीवर चढली. शीड फडफडलं आणि फुगलं. होडी धक्क्यापासून सुटली. सुरुवातीला सगळं मजेचं होतं. मागचा वारा, निळसर पाणी, नाळेखाली फुटणारा फेस. धक्क्यावरची घरं लहान लहान होत गेली. मिस्त्रीचा चेहरा आधी पिवळा, मग हिरवा झाला, आणि एकदा तो काठावरून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. परत बसल्यावर म्हणाला, “न्याहरी माशांना दिली.” त्यानंतर त्याला बरं वाटलं.

मग धुक्याची भिंत आली. एका क्षणी ऊन होतं, दुसऱ्या क्षणी सगळं पांढरं. डोलकाठीचा शेंडा दिसेना. शीड ओल्या चादरीसारखं लोंबलं.

“वारा पडला,” आत्या म्हणाली. तिनं शीड उतरवलं, मिस्त्रीच्या हातात दोन्ही वल्ही दिली आणि स्वतः मागे सुकाणूवर बसली. “टिटवे, आता आमचे डोळे तू.”

टिटवी नाळेवर पालथी पडली. खाली काळं पाणी. पुढं पांढरं. कुठंतरी खडकांवर लाट आपटल्याचा आवाज येत होता, पण धुक्यात तो चहूबाजूंनी येत होता. वल्ही पडत होती. छपक. छपक. बराच वेळ काहीच नाही.

आणि एकदम समोर एक काळा सुळका उभा!

“उजवीकडे!” टिटवी किंचाळली. “उजवीकडे वळा!”

आत्यानं सुकाणू फिरवलं. होडी वळू लागली. त्याच वेळी मिस्त्रीनंही जीव खाऊन होडी उजवीकडे ओढली. पण त्याच्या उजवीकडे! दोघांचे जोर एकमेकांना भिडले. होडी ना इकडे गेली ना तिकडे, सरळ पुढं सरकली आणि हिरव्या अंगानं खडकावर घासली. करकर असा आवाज टिटवीच्या दातांपर्यंत गेला. लाटेनं उचललं, मागं फेकलं. होडी सुटली. पण तळाच्या एका फळीची सांध उघडली होती, आणि तीतून पाण्याची बारीक चिळकांडी आत येत होती.

“गळती,” आत्या शांतपणे म्हणाली. तिनं शीड बांधायच्या फडक्याचा बोळा करून सांधीत ठोकला. चिळकांडी थांबली, पण पाझर राहिला. “मिस्त्री, पेटी बाकावर ठेवा. पायाशी डबा आहे. वल्ह्यांतून उसंत मिळाली की पाणी उपसा.”

“ताई, परत फिरायचं का?” मिस्त्रीनं विचारलं.

आत्यानं टिटवीकडे पाहिलं. टिटवीचा चेहरा पांढरा पडला होता आणि तिचं तोंड, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, बंद होतं.

“माझ्यामुळं झालं,” ती म्हणाली.

“हो,” आत्या म्हणाली. “आता पुढं बघ. दादाची होडी फटीत शिरेल तेव्हा तिच्या नाळेवर तू नसशील. इथं आहेस. फट अजून यायचीय.”

टिटवीनं डोळे पुसले आणि पुन्हा पालथी झाली. हात लांब करून तिनं दोन्ही अंगांना थोपटलं. हा हात तांबडा. हा हिरवा.

फट आली ती आधी कानाला कळली. दोन्हीकडून लाटा घुमत होत्या, मधे पाणी गप्प होतं.

“हिरव्या अंगाला खडक! दोन वल्ह्यांवर,” टिटवी म्हणाली. दोन वल्ह्यांवर म्हणजे दोन वल्ह्यांच्या लांबीइतका दूर. “हिरवं वल्हं ओढा, काका!”

मिस्त्रीनं ओढलं. होडी तांबड्या अंगाकडे वळली. काळा दगड धुक्यातून शेजारून सरकत गेला, शेवाळ दिसण्याइतका जवळून.

“आता सरळ. दोन्ही वल्ही. तांबड्या अंगाला सुळका, तीन वल्ह्यांवर, लांब आहे. नाळेसमोर मोकळं. सरळच.”

ओढ, उपस. ओढ, उपस. मिस्त्रीचा श्वास भात्यासारखा चालला होता. आत्याचा हात सुकाणूवर होता आणि नजर टिटवीच्या पाठीवर.

मग टिटवीला ते दिसलं. काय दिसलं ते तिला सांगता येईना. खडक नव्हता. फेस नव्हता. समोरचं सगळं पाणी खळबळत होतं आणि तेवढाच एक तुकडा तेल ओतल्यासारखा गुळगुळीत होता. गुळगुळीत आणि किंचित वर आलेला. 'ते' म्हणायची मनाई होती, आणि नाव तिला माहीत नव्हतं.

“फुगवटा!” ती ओरडली. “पाण्याला फुगवटा! तांबड्या अंगाला, एका वल्ह्यावर! तांबडं ओढा, तांबडं, तांबडं!”

मिस्त्रीनं बाकावरून उठून वल्हं ओढलं. आत्यानं सुकाणूवर अंग टाकलं. होडी गिरकी घेऊन हिरव्या अंगाकडे पडली, आणि त्याच क्षणी मागची लाट ओसरली. फुगवटा खाली बसला. त्याच्या पोटातून खडकाची धार वर आली, करवतीसारखी, काठापासून हातभर अंतरावर. पाणी परत आलं. धार झाकली गेली. पुन्हा नुसता गुळगुळीत तुकडा.

मिस्त्री धपकन बाकावर बसला.

“ताई,” मिस्त्री म्हणाला, “याला तुमच्यात काय म्हणतात?”

“काही नाही म्हणत,” आत्या म्हणाली. “उधाणाला तो खोल असतो. आणि भांगाच्या पाण्यात ज्याला तो भेटतो, तो नाव ठेवायला परत येत नाही.”

फट संपली. मनोऱ्याचा खडक धुक्यातून पुढं आला. आत्या काही म्हणायच्या आत मिस्त्रीनं हुकूम सोडला, “नांगर टाका!”

“टाका ना, तुमच्या पायाशीच आहे.”

नांगर तळाला गेला आणि त्यानं जमीन धरली. पेटी पाठीला बांधून मिस्त्री लोखंडी शिडीवर चढला. होडीत थरथरणारा हा माणूस शिडीवर खारीसारखा निघाला. आत्या पाणी उपसत राहिली. टिटवी खडकावर उतरली आणि कान देऊन उभी राहिली. पांढरं धुकं राखाडी झालं. राखाडीचं काळसर होऊ लागलं. वर हातोडीचे ठोके पडत होते. एक शिवी आली. मग ठोकेही थांबले.

लांबून इंजिनांची घरघर ऐकू आली. होड्या आल्या होत्या.

“काका!”

“दोन मिनिटं, बाळ, दोन...”

आणि मनोऱ्याच्या डोक्यावर धुकं एकदम सोनेरी झालं. दिवा लागला! प्रकाशाचा पट्टा सावकाश फिरत समुद्रावर गेला, आणि पलीकडून भोंगे वाजले. एक, मग दुसरा, मग सगळेच.

पहिली होडी फटीच्या तोंडाशी आली. धुक्यात तांडेल इंजिन थांबवून कान देतात, तसं तिचं इंजिन थांबलं. टिटवीनं भोंग्यासारखे हात तोंडाशी धरले, आणि तशीच थबकली. येताना फुगवटा तांबड्या अंगाला होता. पण बाबांची नाळ तर उलट्या दिशेला. खडक तिथंच राहतो, होडी फिरते.

“बाबा! फुगवटा! हिरव्या अंगाला फुगवटा! मनोऱ्याला तांबड्या अंगाशी धरून या!”

तो शब्द या समुद्रावर अजून कुणी ऐकला नव्हता. मग धुक्यातून बाबांचा आवाज आला, मागच्या होडीला सांगणारा, “हिरव्या अंगाला फुगवटा!” त्या होडीनं तेच तिच्या मागच्या होडीला सांगितलं. शब्द होडीवरून होडीवर गेला, आणि एकेक होडी मनोऱ्याला लगटून फटीतून आत सरकली. एकही खरचटली नाही.

बाबांनी आत्याच्या होडीला दोर बांधला आणि ती ओढत ते बंदराकडे निघाले. टिटवी आता बाबांच्या होडीत होती.

“फुगवटा,” बाबा म्हणाले. “आयुष्य या पाण्यात गेलं, पण हा शब्द कधी ऐकला नाही. आत्यानं शिकवला काय गं?”

मागून, गळक्या होडीत पाणी उपसता उपसता आत्या म्हणाली, “नाही, दादा. तिनं शिकवलाय. आपल्याला.”