घडीमास्तरांचा बारावा शर्ट

"माझ्या नवऱ्याने घडी चुकवली म्हणतात हो!" काकू दारातूनच म्हणाल्या आणि खुर्चीत टेकायच्या आधीच रडायला लागल्या.

आक्कांनी लिमलेटची गोळी या गालातून त्या गालात सरकवली. रडणाऱ्या माणसाला मध्येच थांबवलं तर पुढची हकिगत अर्धवट मिळते, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव होता. खाजगी तपासनीस म्हणून त्यांचं नाव होतं, आणि त्या नावाखाली पाटीवर बारीक अक्षरात "सहायक: भाऊजी" असंही लिहिलेलं होतं. भाऊजी म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नोकरीतून लवकर निवृत्त झाल्यावर दिवसभर घरात लुडबुड नको, म्हणून बहिणीनेच त्यांना आक्कांच्या गळ्यात घातलं होतं.

"कसली घडी?" भाऊजींनी वही उघडली. "साडीची?"

"छत्रीची. विमानातून उड्या मारतात ना, त्यांच्या राखीव छत्रीची. पहिली उघडली नाही तर दुसरी. ती घडी घालून पिशवीत भरायचं काम आमच्या यांचं. सव्वीस वर्षं झाली. क्लबात सगळे घडीमास्तर म्हणतात. घरी मी चादरीची घडी घातली तर मोडून पुन्हा घालतात, इतका काटेकोर माणूस!"

"मग झालं काय?"

"रविवारी एक छत्री विमानातच उघडली. आपोआप. पैलवानांच्या पाठीवर. आज चार वाजता क्लबाची बैठक आहे. कॅप्टन यांना काढून टाकणार, वर परवानाही रद्द करा म्हणून लिहिणार. हे काही बोलतच नाहीत. दोन दिवस नुसतं कपाट उघडून शर्ट बघत बसलेत."

"शर्ट?"

"तिथली रीत आहे. राखीव छत्रीने ज्याचा जीव वाचतो, तो घडी घालणाऱ्याला नवा शर्ट देतो. अकरा शर्ट आहेत यांच्याकडे. एकही वापरलेला नाही." काकूंनी डोळे पुसले. "अकरा माणसं आहेत ती, आक्का."

आक्का उठल्या. "भाऊजी, गाडी काढा."

विमानतळ कसला, एक लांब डांबरी पट्टी, एक पत्र्याची शेड आणि एक कँटीन. शेडमध्ये क्लबाचं एकुलतं एक विमान उभं होतं. क्लबाचे मालक कॅप्टन हातात कागद घेऊनच सामोरे आले. त्यावर घडीमास्तरांच्या हकालपट्टीचा मजकूर टाइप करून तयार होता.

"आता तपास कसला राहिलाय?" ते म्हणाले. "चार हजार मीटरवर विमान सरळ उडत होतं. दारात माणूस उभा, आणि पाठीवरची छत्री फुटली. थोडक्यात वाचला. विमान उतरल्यावर मी स्वतः बाहेरून दार उघडलं, तर आत कापडाचा डोंगर!"

"दार बंद होतं?" आक्कांनी विचारलं.

"बंदच होतं. का?"

"सहज विचारलं."

विमानाचं दार दुकानाच्या शटरसारखं होतं, वर-खाली सरकणारं. भाऊजींनी कुतूहलाने ते आतून धरून खाली ओढून पाहिलं आणि हात काढला तो कोळशासारखा काळा. घाबरून त्यांनी तो शर्टाला पुसला. मग शर्टही काळा झाला.

"सांभाळून, ग्रीस आहे," कॅप्टन उशिरा म्हणाले. "रविवारी सकाळी मीच लावलंय. जरा जास्तच झालं."

"बाहेरून उघडताना लागत नाही वाटतं?" आक्कांनी विचारलं.

"बाहेर मूठ आहे. आत मात्र कडेलाच धरावं लागतं."

भाऊजी आपल्या शर्टाकडे बघत राहिले. घरी गेल्यावर काय ऐकावं लागणार, ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं.

घडीच्या खोलीत एक लांबच लांब टेबल होतं आणि टेबलावर ती छत्री पसरलेली होती. घडीमास्तर म्हणजे सडपातळ, स्वच्छ नखांचा माणूस. पाहुणे आले तसे त्यांनी साबणाने हात धुतले, पुसले आणि मगच कापडाला हात लावला.

"विमानातून मीच उचलून आणली. हे बघा." पांढऱ्या कापडावर मोठमोठे काळे पंजे उमटले होते. एक नाही, वीस-पंचवीस. "छत्री का उघडली हे सगळे विचारतात. छत्री घाण कुणी केली, हे कुणीच विचारत नाही!"

"मी विचारणार आहे," आक्का म्हणाल्या. "आधी ही उघडते कशी ते सांगा."

घडीमास्तरांनी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी दाखवली. "माणूस हवेत बेशुद्ध पडला, घाबरला, दोरी ओढायला विसरला, तर ही डबी जागी होते. आतलं पातं सुटतं, पिशवी बंद ठेवणारा दोरीचा फास कापला जातो आणि छत्री बाहेर पडते. शिकाऊ माणसाच्या डबीला दोन अटी असतात. जमीन तीनशे मीटरच्या आत आली पाहिजे, आणि तरीही माणूस सेकंदाला तेरा मीटरहून जास्त वेगाने खाली येत असला पाहिजे. दोन्ही एकदम. एक अट कमी पडली तरी डबी गप्प."

आक्कांनी फासाचं टोक भिंगाखाली धरलं. सुरीने कापावं तसं सरळ कापलेलं होतं. "म्हणजे हाताने कुणी ओढली नाही. डबीनेच उघडली."

"तेच तर!" कॅप्टन म्हणाले. "चार हजार मीटरवर, सरळ उडणाऱ्या विमानात डबी सुटते म्हणजे डबी बिघडलेली. तपासून सही केली कुणी? यांनीच."

"डबीत नोंद राहत नाही?"

"राहते, पण ती कारखान्यात वाचतात. तीन आठवडे लागतात. तोवर यांच्या घडीच्या भरवशावर मी माणसं उडवू?"

हा प्रश्न चुकीचा नव्हता. घडीमास्तर खाली मान घालून म्हणाले, "माझी डबी खोटं बोलत नाही." पण आवाजात जोर नव्हता. दोन दिवसांत त्यांचा स्वतःवरचा विश्वासही डळमळला होता.

पैलवान मैदानात भेटले. सहा फूट उंची, पिळदार मिशा. त्यांची तालीम होती आणि तालमीतले चाळीस चेले रविवारी खास उडी बघायला आले होते.

"दहावी उडी माझी," ते म्हणाले. "नऊ उड्यांना शिक्षक बरोबर होते. ही पहिलीच एकट्याने. दार शिक्षकांनीच उघडलं. बाकीचे सगळे त्यांच्याबरोबर आधी गेले, मी शेवटचा. दारात उभा राहिलो, छाती पुढे, एक पाय बाहेर. आता उडी मारणार, तेवढ्यात पाठीमागे धाड्! छत्री बाहेर! दुसरा कुणी असता तर गेलाच असता. मी मागे फिरलो, कापड दोन्ही हातांनी मिठीत पकडलं आणि जमिनीला टेकेपर्यंत सोडलं नाही!"

"एकदाही?"

"एकदाही नाही. पकडलं ते पकडलं."

"आणि उडी राहिली म्हणून वाईट वाटलं असेल."

"फार," पैलवान म्हणाले आणि मिशी कुरवाळत भलतीकडेच बघू लागले.

पायलट कँटीनबाहेर पाय पसरून बसला होता. उडी मारणारे गेले की विमान सूर मारून खाली आणायचं आणि त्यांच्या आधी जमिनीवर टेकायचं, ही त्याची रोजची शर्यत. "अगदी शेवटपर्यंत नाक खाली! आजवर एकही छत्री माझ्या आधी उतरलेली नाही," तो फुशारकीने म्हणाला. मग एकदम सावध झाला. "रविवारी मात्र तसं केलं नाही हं. मागे माणूस होता ना! अलगद आणलं. पंधरा मिनिटं तरी लागली."

"छत्री उघडल्याचं लगेच कळलं?"

"कळलं की! चार हजारावरच."

आक्कांनी चहा मागवला. कँटीनवाल्या ताईंनी दोन कप आणून ठेवले.

"ताजा दिसतोय," आक्का म्हणाल्या.

"ताजाच असतो. माझं घड्याळ म्हणजे ते विमान. ते टेकलं की मी पाणी चढवते, उकळेपर्यंत छत्र्या उतरतात."

"रविवारीही तसंच?"

"रविवारी तर धांदल झाली. साखरेचा डबा शोधत होते, तर विमान दत्त म्हणून हजर! छत्र्या अजून वरच तरंगत होत्या."

भाऊजींनी सगळं लिहून घेतलं. गाडीपाशी येताच त्यांनी आक्कांना बाजूला घेतलं. "मला कळलं. साखर लपवणारा तोच गुन्हेगार."

आक्कांनी त्यांना एक गोळी दिली. तोंड बंद राहावं म्हणून त्या नेहमी दोन जादा ठेवत.

चार वाजता सगळे घडीच्या खोलीत जमले. कॅप्टनच्या हातात पेन होतं. काकू दाराशी पदराचं टोक पिळत उभ्या होत्या.

"सही करण्याआधी एकच सांगा," आक्का म्हणाल्या. "विमानातून उडी मारल्यापासून पाय टेकेपर्यंत किती वेळ लागतो?"

"पाच मिनिटं," कॅप्टन म्हणाले.

"रविवारी विमान टेकलं तेव्हा छत्र्या वरच होत्या. म्हणजे विमान पाच मिनिटांच्या आतच आलं. चार हजार मीटर, तीनशे सेकंद. भाऊजी, भागाकार करा."

भाऊजींनी वहीत भागाकार केला, खोडला, पुन्हा केला. "तेरा... तेराच्या वर, आक्का."

घडीमास्तरांनी झटकन मान वर केली.

"मागे छत्री उघडून बसलेला माणूस आहे, हे ठाऊक असताना कुठला पायलट सूर मारेल?" आक्का पायलटकडे वळल्या. "तुम्हाला ठाऊकच नव्हतं. तुमच्या लेखी विमान रिकामं होतं. रोजच्या सवयीने नाक खाली घातलंत. आणि मागे छत्रीही उघडलेली नव्हती. पिशवीत मुकाट बसली होती."

"पण पैलवान म्हणतात, ते दारात..." कॅप्टन म्हणाले.

"पैलवान म्हणतात, कापड एकदाही सोडलं नाही. पायलट खुर्चीतून उठला नाही. विमान उतरलं तेव्हा दार बंद. मग ते लावलं कुणी? वाऱ्याने?"

सगळ्यांच्या नजरा पैलवानांकडे वळल्या.

"आतून दार लावलं की काय होतं, ते भाऊजींच्या शर्टावर लिहिलंय. आणि छत्रीवरही. छत्री आधी उघडली असती आणि पैलवानांनी ती तेव्हापासून धरून ठेवली असती, तर हात स्वच्छ असते. हे पंजे काळे आहेत. म्हणजे दार आधी लागलं, छत्री नंतर उघडली. पैलवान, जरा हात ठेवता यावर?"

पैलवानांनी हात ठेवला नाही. ते लांब टेबलाच्या कडेला बसले, आणि एवढा मोठा माणूस एकदम लहान दिसू लागला.

"खाली बघितलं," ते म्हणाले. "आणि पाय हललेच नाहीत. नऊ वेळा शिक्षक शेजारी होते. दहाव्यांदा शेजारी कुणीच नव्हतं. दार लावलं, कोपऱ्यात बसलो, डोळे मिटले. मग विमान असं खाली निघालं की वाटलं आता संपलं. आणि आता जमिनीवर आदळणार असं वाटतंय, तेवढ्यात धाड्! खाली चाळीस पोरं उभी होती हो. त्यांना काय सांगणार होतो?"

"आणि तुम्ही?" कॅप्टनचा आवाज चढला.

पायलटने डोकं खाजवलं. "मागे वळून माणसं मोजायची असतात. मोजली नाहीत. दार लागल्यावर आवाज कमी झाला, तर मला वाटलं आज वारा कमी आहे. मग धाड्कन आवाज झाला, वळून बघतो तर पांढरा ढग. ढगात मिशा. खाली आल्यावर हे म्हणाले, वरच उघडली म्हणून सांगू. मी म्हटलं, सांगू."

"आणि दोघांच्या अब्रूचं ओझं तिसऱ्याच्या डोक्यावर," आक्का म्हणाल्या. "कॅप्टन, डबीच्या दोन अटी होत्या. जमीन जवळ आलेली, वेग तेराच्या वर. रविवारी दोन्ही पुऱ्या झाल्या. तिला वाटलं, माणूस पडतोय. तिने तिचं काम चोख केलं. बिघडलं असेल तर ते बाकीच्यांचं."

कॅप्टननी कागद फाडला. पायलटला महिनाभर जमिनीवर बसवायचा हुकूम तिथल्या तिथे सुटला. काकू पुन्हा रडू लागल्या, पण हे रडणं वेगळं होतं, त्याला कुणी थांबवलं नाही.

घडीमास्तर मात्र पैलवानांसमोर जाऊन उभे राहिले.

"किती वेळात उघडली?"

"काय?" पैलवान गोंधळले.

"छत्री. आवाज झाल्यावर पुरती बाहेर यायला किती वेळ लागला?"

"डोळे उघडायच्या आत सगळीकडे कापडच कापड होतं."

"गुंता? पीळ?"

"काही नाही. आणि मास्तर... तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, कुणीतरी आहे आपल्याबरोबर."

दोन दिवसांत पहिल्यांदाच घडीमास्तर हसले. "दारातून परत फिरलेले मी खूप पाहिलेत. त्यात लाजायचं काही नाही. तुम्ही फक्त खोटं बोलायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी पैलवानांनी चाळीस चेल्यांसमोर सगळं खरं सांगितलं. एक पोरगं हसलं. बाकीच्या एकोणचाळीसांनी त्याच्याकडे असं बघितलं की तेही थांबलं. संध्याकाळी पैलवान घडीमास्तरांच्या घरी आले. आक्का आणि भाऊजी तिथेच चहाला बसले होते. पैलवानांनी काखेतलं पुडकं पुढे केलं.

नवा पांढरा शर्ट होता. पैलवानांनी तो स्वतःच्या मापाने घेतला होता.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "यात हे आणि मी दोघं मावू!"

"पण तुमचा जीव कुठे धोक्यात होता?" भाऊजींनी शंका काढली. "विमान तर नीट उतरलं. मग रीतीप्रमाणे शर्ट लागू होत नाही."

आक्कांनी मुकाट्याने एक लिमलेटची गोळी पुढे केली.

काकूंनी शर्टाची घडी घातली. घडीमास्तरांनी ती बघितली, मोडली, शर्ट टेबलावर पसरला, बाह्या तळहाताने सरळ केल्या आणि पुन्हा सावकाश घडी घातली. मग कपाट उघडून अकरांच्या वर ठेवायला गेले, पण ठेवला नाही. उलगडला आणि घातला. शर्ट गुडघ्यांपर्यंत आला, बाह्यांत हात गुडुप झाले.

"अहो, हे काय?" काकू म्हणाल्या. "अकरांपैकी एकही कधी घातला नाहीत!"

"त्या अकरा वेळी माझ्या घडीवर कुणी शंका घेतली नव्हती. या शर्टाने माझी घडी खरी ठरवली," घडीमास्तर म्हणाले आणि बाह्या दुमडू लागले.