इचारल्याबिगर आत न्हाई

कॉम्प्युटर सुरू होताना पासवर्ड मागू नये म्हणून काय करायचं, हे मी कोल्हारच्या क्लासात कितीतरी पोरांना शिकवलंय. यूजर अकाउंटची खिडकी उघडायची, एक टिक काढायची, खात्रीसाठी पासवर्ड दोनदा टाकायचा, ओके. चहा गार व्हायच्या आत काम संपतं. तेव्हा आमच्या वस्तीवरच्या कॉम्प्युटरचं मी जे सांगणार आहे, ते काही न येणाऱ्या बाईचं सांगणं नाही, एवढं आधी लक्षात घ्या.

आमची वस्ती प्रवरेच्या अंगाला, गावापासून थोडी आत. तिन्ही बाजूंनी ऊस, पार अंगणापर्यंत आलेला. उसात बिबटे. इकडे त्यांना सगळे वाघच म्हणतात. शेजारच्या वस्तीवरून एक कालवड गेली, तेव्हा सुनीलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, अंगणात कॅमेरे बसवले. क्लास बंद केल्यावर घरी आणलेला माझा जुना कॉम्प्युटर त्यांना जोडला आणि स्क्रीन स्वयंपाकघराच्या दाराशी मांडला. भाकरी थापता थापता मला गोठा, फाटक आणि कडुलिंबाचा झोका दिसायचा. झोका महत्त्वाचा, कारण त्यावर आमची मनवा असायची. नुकती शाळेत जायला लागलेली, आणि दहा हाका मारल्याशिवाय हलणार नाही अशी.

अडचण विजेची होती. वीज आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायचा, पण पासवर्डच्या पडद्यावर येऊन थांबायचा. कोणी तो टाकेपर्यंत कॅमेरे आंधळे. मी घरात नसले तर आत्यांना, माझ्या सासूबाईंना, ते जमायचं नाही.

"काढून टाक की तो पासवर्ड," सुनील म्हणायचा.

विरोध फक्त मामांचा. कानिफनाथ मामा, माझे सासरे. दिवेलागणीला अंगणाच्या कडेला बाज टाकून बसायचे, काठी मांडीवर आडवी, आणि फाटकातून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "कोन हाय?" स्वतःच्या पोरालाही. नुसतं "मी हाय" म्हणून भागायचं नाही, नाव सांगावं लागायचं. नवी नवरी होते तेव्हा मला हसू यायचं, मग राग यायचा. रोज आपल्याच घरात शिरायला नाव काय सांगायचं! मामांना मात्र पासवर्डचा पडदा मनापासून पसंत होता.

"ऱ्हाऊ दे त्याला," म्हणायचे. "शानं हाय ते. इचारल्याबिगर आत घेत न्हाई."

ते होते तोवर पासवर्ड राहिला. संक्रांतीच्या आधी मामा गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. आत्यांनी बाज उचलून भिंतीला उभी केली. पुढे पावसाळ्यात विजेचा खेळ फारच वाढला, आणि मी ती टिक काढली.

काही दिवस सगळं सुरळीत चाललं. वीज आली की थेट अंगण दिसायचं. मग एका संध्याकाळी पडदा थांबला. पासवर्ड द्या. मी दिला, उघडलं. टिक पाहिली तर काढलेलीच होती. परत लावली, परत काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली, आली, काही मागितलं नाही. संध्याकाळी मागितलं.

"अपडेट झालं असंल," सुनील म्हणाला. त्याचं सगळ्यावर हेच उत्तर असतं.

अपडेट काही दिवेलागण बघून येत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. आणखीही एक सांगितलं नाही. पडदा थांबलेला असताना आमचा कुत्रा अंगणाच्या कडेला, जिथे बाज असायची त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बसायचा. शेपटी हळूहळू हलायची. आणि दारातून तंबाखू-चुन्याचा वास आत यायचा. आमच्या घरात आता तंबाखू कोणी खात नाही.

आत्या निवांत होत्या. "इचारतंय तर नाव सांगावं," एवढंच म्हणाल्या आणि सुपातले तांदूळ निवडत राहिल्या.

गौरी-गणपती उरकले होते. सुनील नगरला गेलेला. ऊन उतरलं होतं, पण उजेड चांगला होता. मनवा झोक्यावर, आत्या माझ्यामागे तांदूळ निवडत बसलेल्या. वीज आली, कॉम्प्युटर सुरू झाला आणि थांबला. मी हाताचं पीठ पुसलं आणि पासवर्ड टाकला. मनवाचं नाव आणि तिचं जन्मसाल.

चुकीचा.

परत टाकला. चुकीचा. एकेक अक्षर बघून टाकला. चुकीचा.

माझा पारा चढला. हे कार्टं दुपारी इथेच खेळत होतं, काहीतरी करून ठेवलं असणार.

"मनवा!" मी अशी ओरडले की आत्यांच्या हातातलं सूप हललं. "आत ये आधी! काय दाबून ठिवलंस हितं?"

दहा हाकांची पोर त्या दिवशी पहिल्या हाकेला आली. घाबरून, धावत, एक चप्पल अंगणातच टाकून.

"मी काय न्हाई केलं, आई."

ती माझ्या कमरेला बिलगली आणि पडदा उघडला. कीबोर्डला कुणाचाही हात नव्हता.

अंगण दिसलं.

झोका अजून हलत होता.

झोक्याखाली वाघ उभा होता. चप्पल हुंगत होता.

आत्यांनी उठून दाराला कडी घातली. मी मनवाचं तोंड पोटाशी दाबून धरलं.

वाघाने मान वर केली. घराकडे नाही, अंगणाच्या कडेकडे. त्याचे कान मागे गेले. पोट जमिनीला टेकवत तो मागे सरकला, आणखी सरकला आणि उसात शिरला.

त्या कडेला बाज होती. आडवी टाकलेली.

बाजेवर कोणी नव्हतं. सुंभाची वीण मधोमध खोल दबलेली होती.

सुनील आला, वनखात्याची माणसं आली, ठसे बघून पिंजरा लावून गेली. दार उघडून बघितलं तेव्हा बाज भिंतीला उभीच होती, आत्यांनी ठेवली होती तशी. सुनीलने रेकॉर्डिंग पाहिलं. बाजेचं मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पण नंतर बराच वेळ तो त्या भिंतीपाशी हात जोडून उभा होता. त्याला देवळातसुद्धा मी इतका वेळ उभा राहिलेला पाहिलं नाही.

भुताखेताचं मला काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. माझी पोर रोज दप्तर घेऊन शाळेत जाते, आल्यावर माझं डोकं खाते. त्याबद्दल कुणाचे तरी पाय धरावेत असं मला रोज वाटतं, आणि कुणाचे ते मला माहीत आहे.

ती टिक अजून काढलेलीच आहे. पडदा दिवेलागणीला थांबतोच. मी आधी मनवाला आत घेते, पासवर्ड टाकते आणि मोठ्याने सांगते, "मामा, रुपाली हाय. मनवा हाय. आत्या बी आतच हायती." मगच उघडतो.

बाज आता मीच रोज त्यांच्या जागेवर टाकते, सकाळी उचलते. हल्ली थंडी पडायला लागलीय. पहाटे सगळं अंगण दवाने भिजलेलं असतं, बाजेचे पाय, कडेचा सुंभ, सगळं. मधली दबलेली जागा तेवढी कोरडी असते. हात लावला तर कोमट लागते.